उफ्तादा: पडीक रानाची गोष्ट

निजामाच्या काळातला एखादा कागद घरात सापडला की आमच्या भागातली माणसं तो उर्दूच्या मास्तरकडे घेऊन येतात. मी काही फारसीचा जाणकार नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो, बी.एड. आहे, एवढंच भांडवल. पण सेतवार, पहाणी, वसूल-बाकी, कब्जेदार हे शब्द वाचता येतात, त्यामुळे दर उन्हाळ्यात भावकीच्या भांडणातले दोन-चार कागद माझ्या दारात येतातच. चहा पाजून मी ते वाचून देतो. निकाल काय लागला ते सहसा कोणी सांगायला येत नाही.

तीन वर्षांपूर्वी असाच एक कागद आला, तो मात्र आमच्याच घरचा. आमचं रान तामलवाडीच्या शिवारात, सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. अम्मीच्या ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळलेली तहसीलची नक्कल होती. फसली १३५८, म्हणजे आपलं १९४८-४९. सर्व्हे नंबरापुढे, जिथं पिकाचं नाव असायला हवं तिथं एकच शब्द लिहिला होता: उफ्तादा.

हा शब्द फारसी ‘उफ्तादन’वरून आला. त्याचा अर्थ पडणं. उफ्तादा म्हणजे पडलेली. मराठीतही आपण तेच म्हणतो: पड, पडीक. दोन्ही भाषांनी न पिकवलेल्या जमिनीला पडलेली म्हटलंय, जणू उभी जमीन कधीतरी खाली बसली आणि कोणी उठवलीच नाही. वर्गात शब्दांची अशी जुळी भावंडं दाखवायला मला आवडतं. घरच्या कागदावर तोच शब्द दिसल्यावर मात्र थोडा वेळ काही सुचलं नाही.

जमीन का पडली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. १९४८च्या आधी, रझाकारांच्या धुमाकुळात, सरहद्दीवरच्या गावांतली कितीतरी हिंदू घरं रानं टाकून सोलापूरच्या हद्दीत गेली होती. सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर पळण्याची पाळी मुसलमानांची आली. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि उर्दूचे नामवंत लेखक काझी अब्दुल गफ्फार यांच्यासह एक समिती त्याच वर्षाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानात फिरली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव घेतलंय. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आमचे दादा बायकामुलांना घेऊन सोलापुरात गिरणीतल्या नातेवाइकाकडे गेले आणि दोन हंगामांनी परतले. तोवर बैल गेले होते, औतं गेली होती, आणि रानात कुंदा, हरळी आणि पवना-मारवेलचं गवत कमरेएवढं वाढलं होतं.

दादी सांगायची, शेजाऱ्यांचे बैल मागून आणून, आठ बैलांचा नांगर लावून ते रान फोडलं. महिनाभर माणसं कुंदा खांदत होती. मी लहानपणी तिला विचारलं होतं की इतके दिवस रान मेलं नव्हतं का? ती म्हणाली, “मरा नै था, सोया था बस. जवारी ऐसी आयी, उसमें बंडी छुप जाती.” बैलगाडी लपेल इतकी उंच ज्वारी! म्हातारी माणसं परतल्यानंतरचं पहिलं पीक जरा मोठंच करून सांगतात, हे मला तेव्हाही कळत होतं.

ही दुसरी पड माझ्या डोळ्यांदेखतची.

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं मराठवाड्यात पावसाळा सरासरीच्या सुमारे चाळीस टक्के कमी झाला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते चित्र सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्या रानातही दोन्ही वर्षांत नाव घ्यावं असं काही उभं राहिलं नाही. भाईजाननी रिकामा वेळ वाया जाऊ नये म्हणून ट्रॅक्टरनं खोल नांगरट करून घेतली, धसकटं वेचून जाळली, आणि अधूनमधून जे काही हिरवं उगवलं त्यावर तणनाशक मारलं. रान कसं टेबलासारखं स्वच्छ! येणारा-जाणारा तारीफ करायचा. मग २०१६ला पाऊस चांगला झाला. सगळीकडे तुरी इतक्या आल्या की खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. आम्ही मका टाकला होता. तो वीतभर झाला आणि थांबला. पानांच्या कडा जांभळ्या पडल्या.

जांभळं पान म्हणजे स्फुरद कमी, हे कृषी केंद्रात बसणारा पोरगाही सांगतो. पण पेरताना डीएपी टाकलेलं होतं, आणि माती परीक्षणात स्फुरद ‘मध्यम’ आला होता. आधी बियाण्याला शिव्या झाल्या, मग खताला. मला खटकली ती एक वेगळीच गोष्ट. बांधाला लागून तीन-चार हात रुंदीचा पट्टा हिरवागार होता. बांधाच्या दोन्ही बाजूंना तो पट्टा सरळ रेषेत गेला होता, जणू कोणी आखून दिलाय. भाईजान म्हणाले, बांधाची ओल असेल. मीही तेच धरून चाललो. ओलच असती तर पुढे आलेल्या चांगल्या पावसात तो फरक मिटायला हवा होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्या पट्ट्याचं उत्तर मला पाच-सहा वर्षांनी मिळालं, आणि ते निघालं ऑस्ट्रेलियात. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांशी बोलता बोलता मी जांभळ्या मक्याची कथा सांगितली, तेव्हा त्यांनी एक लेख काढून दिला. क्वीन्सलँड प्रांतात डार्लिंग डाउन्स नावाचा टापू आहे. तिथं जमीन आपल्यासारखीच: काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिथले शेतकरी ओल साठवण्यासाठी रान वर्ष-दीड वर्ष स्वच्छ पडीक ठेवत. आणि अशा लांब पडीनंतरचं पीक ओल असूनही खुरटायचं, स्फुरद आणि जस्त कमी पडल्याची लक्षणं दाखवायचं. जे. पी. थॉम्पसन या मृदाशास्त्रज्ञानं १९८७मध्ये याचं कारण दाखवलं. मातीतून स्फुरद नाहीसा झालेला नव्हता, तो पिकाच्या मुळापर्यंत आणून देणारी बुरशी घटली होती. पडीच्या काळात तिला मूळ मिळालं नाही, म्हणून ती उपाशी मेली.

ही बुरशी म्हणजे भाकरीवर येणारा बुरसा नाही. कृषी केंद्रात ती ‘मायकोरायझा’ या नावानं पाकिटात मिळते. जगातल्या दहातल्या सातेक वनस्पतींच्या मुळांत ती राहते. ज्वारी, मका, तूर, हरभरा, कांदा, ऊस, द्राक्ष, सगळ्यांत. मोहरी-कोबीचं घराणं तेवढं तिला घरात घेत नाही. मुळाच्या पेशीत शिरून ती झाडाच्या फांद्यांसारखी बारीक फुटते. तिथं पीक तिला साखर देतं, आणि ती पिकाला स्फुरद आणि जस्त देते. तिचे तंतू मुळावरच्या केसांहूनही बारीक, त्यामुळे मूळ जिथं पोचत नाही अशा फटीत ते पोचतात. आपली काळी माती चुनखडीची. तिच्यात स्फुरद चुन्याला धरून बसतो, जागचा हलत नाही. पीक आपल्या तयार केलेल्या साखरेतला ४ ते २० टक्के हिस्सा या भागीदाराला देतं असा अंदाज आहे. कोणतीही वनस्पती एवढी बटाई उगाच देणार नाही. हा सौदा आजचा नाही. स्कॉटलंडमधल्या राइनी गावच्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात अगदी असेच तंतू वनस्पतीच्या पेशींत सापडलेत. आपलं दख्खनचं पठार ज्या लाव्हानं बनलं तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपली जमीन नव्हती तेव्हापासून हा करार चालू आहे.

माणसाला त्याचा पत्ता लागला तो मात्र एका फजितीतून, आणि ती कहाणी आपल्या वाचकांना वेगळ्या कारणानं जवळची वाटेल. १८८०च्या दशकात प्रशियाच्या शेतीखात्यानं बर्लिनच्या आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाला काम दिलं: ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी लागवड करून पिकवता येईल का ते पाहा. फ्रांकला ट्रफल काही पिकवता आली नाही. पण झाडांच्या मुळांवर बुरशीचं आवरण त्याला सगळीकडे दिसत राहिलं, आणि ही झाडं आजारी नव्हती, उलट धष्टपुष्ट होती. १८८५मध्ये त्यानं या जोडीला नाव दिलं, ग्रीकमधले ‘बुरशी’ आणि ‘मूळ’ हे दोन शब्द जोडून.

ट्रफलची वाळवंटातली बहीण आपल्याला हदीसमधून माहीत आहे. ‘कमआ’ ही मन्नपैकी आहे आणि तिचं पाणी डोळ्यांना शिफा आहे, अशा अर्थाची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत येते. उर्दू तर्जुम्यांत तिथं ‘खुंबी’ लिहिलेलं असतं, त्यामुळे मकतबमध्ये मौलवीसाहेब शिकवत तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उकिरड्यावरची कुत्र्याची छत्री यायची. खरी कमआ बटाट्यासारखी गोल, वाळूखाली वाढणारी. पेरल्याशिवाय, नांगरल्याशिवाय मिळणारी, म्हणून मन्नशी तिची गाठ. आज आपल्याला माहीत आहे की तीही एकटी उगवत नाही. वाळवंटातल्या छोट्या झुडपांच्या मुळांशी तिची भागीदारी असते, आणि हंगामाच्या सुरुवातीचा पाऊस चुकला की त्या वर्षी ती नसते. युरोपातल्या काळ्या ट्रफलचंही तेच. स्पेन, फ्रान्स आणि इटलीत तिचं उत्पन्न का घटत चाललंय याचा शोध घेणाऱ्यांनी २०१२मध्ये कोरड्या होत चाललेल्या उन्हाळ्यांकडे बोट दाखवलं. फ्रांकच्या ज्या ट्रफलमुळे ही विद्या सुरू झाली, तीच उष्म्याची तक्रार पहिल्यांदा मांडणाऱ्यांत निघाली.

आपल्याकडे या विषयाचा धागा होळकरांच्या इंदुरातून येतो. आल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून हिंदुस्थानात आले. १९२४ ते १९३१ ते इंदूरच्या कृषिसंस्थेत होते. संस्था उभी राहिली ती माळव्याच्या काळ्या, कापसाच्या मातीवर. तिथं त्यांच्या जोडीला यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ होते. कंपोस्टची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली, तिच्यावरचं १९३१चं पुस्तक हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावावर आहे. हॉवर्डचं नाव सेंद्रिय शेतीचा पितामह म्हणून गाजलं, वाडांचं कोणी घेत नाही. पुढे इंग्लंडात गेल्यावर हॉवर्डनी एम. सी. रेनर या विदुषींचं पाइनच्या रोपांवरचं काम पाहिलं आणि त्यांना आपल्या इंदुरी अनुभवाचा दुवा सापडल्यासारखं झालं. १९४०च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी कापूस, ऊस, चहा यांच्या मुळांतल्या बुरशीवर मोठा भर दिला. कंपोस्ट घातलेल्या जमिनीत ही भागीदारी फुलते असं त्यांचं म्हणणं. तपशिलात ते चुकले. मूळ बुरशीला पचवून तिची प्रथिनं खातं असं त्यांना वाटायचं, आणि स्फुरदाची गोष्ट पुढच्या पिढीनं सिद्ध केली. रोखानं मात्र ते बरोबर होते.

गंमत अशी की त्याच काळात आमच्या घरापासून बैलगाडीच्या वाटेवर दुसरा मोठा प्रयोग चालू होता, आणि त्याला या बुरशीशी काही देणंघेणं नव्हतं. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. पाठोपाठ निजामाच्या राज्यात रायचूरला तसंच निघालं. सोलापूरच्या कामाचे सूत्रधार ना. वि. कानिटकर, त्यांचं कोरडवाहू शेतीवरचं पुस्तक १९४४चं. प्रश्न एकच होता: सहा-सातशे मिलिमीटर बेभरवशाच्या पावसात रब्बीची ज्वारी कशी तगवायची? उत्तरही साधं होतं. बांध घाला, पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या देऊन रान मोकळं आणि स्वच्छ ठेवा, पाणी मुरवा, बी विरळ पेरा. याच पट्ट्यात मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ अजून आमच्या भाकरीत आहे. पाण्याचा हिशेब या लोकांनी इंचाइंचानं मांडला. त्यांना दोष देण्याचं कारण नाही, कारण बुरशी आणि स्फुरद यांचं नातं तेव्हा जगात कोणालाच नीट माहीत नव्हतं.

पण आज मागे वळून पाहिलं तर एक कोडं दिसतं. ज्वारी माघात काढली की पुढच्या अश्विनात पेरणी. मधले सात-आठ महिने रान मोकळं, त्यातले दोन-तीन महिने भट्टीसारखे. म्हणजे दख्खनच्या बुरशीला दरवर्षीच उपास पडायचा. तरी ती शेकडो वर्षं टिकली. कशी?

काही उत्तर तिच्या अंगातच आहे. तिचे बीजाणू कोरड्या मातीत वाट पाहू शकतात. जुन्या मुळांच्या तुकड्यांत ती दबून राहते, म्हणजे आपण वेचून जाळतो त्या धसकटांत. तंतूंचं जाळंही कोरड्या जमिनीत बराच काळ जिवंत राहतं, फक्त कोणी ते फाडता कामा नये. लाकडी कुळव वरची दोन-तीन बोटं माती हलवायचा, खालचं जाळं शाबूत राहायचं. आणि उरलेलं उत्तर बांधावर होतं. बोर, बाभूळ, लिंब, आणि त्यांच्याखाली बारमाही गवत. ही मुळं उन्हाळ्यातही जिवंत, म्हणून बुरशीही जिवंत. पेरणी झाली की ती तिथून हात-दोन हात आत सरकायची. आमच्या मक्यातला तो हिरवा पट्टा ओलीचा नव्हता, बांधावरून आत आलेल्या बुरशीचा होता, असं मी आता मानतो.

इथं टारफुल्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्वारीच्या मुळावर जगणारं ते जांभळट-पांढऱ्या फुलांचं तण म्हाताऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. ज्वारीला स्फुरद कमी पडला की तिची मुळं मातीत एक द्रव्य सोडतात. टारफुल्याचं बी त्या वासानं जागं होतं, हे १९६०च्या दशकापासून माहीत होतं. पण पीक आपल्याच वैऱ्याला का बोलावतं ते कळत नव्हतं. २००५मध्ये जपानी संशोधकांनी उलगडा केला. ती हाक मुळात बुरशीसाठी असते, टारफुला ती चोरून ऐकतो. भागीदार वेळेवर आला नाही तर हाक लांबते, आणि चोराचं फावतं.

आता उष्म्याकडे येतो. ‘ग्लोबल वॉर्मिंगनं जमिनीतली बुरशी मरणार’ असं एक वाक्य फेकून देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. थोडी ऊब तिला मानवते, तिचे तंतू उलट जोमानं वाढतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जास्त साखर तयार करतात आणि त्यातला वाटा तिलाही जास्त मिळतो. जगभरच्या वनस्पती दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन मुळांतल्या बुरशांच्या हवाली करतात, असा अंदाज २०२३मध्ये मांडला गेला. कोळसा-तेल जाळून होणाऱ्या वर्षभराच्या उत्सर्जनाच्या तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरतो. सगळाच तिथं कायम राहतो असं नाही, पण त्या वाटेनं जातो तरी.

आपल्या भागात प्रश्न आहे तो हद्दीचा आणि मुदतीचा. मातीचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की यांतल्या बहुतेक जातींची मुळात शिरायची ताकद घटते. उघड्या काळ्या रानाचा वरचा थर एप्रिल-मेमध्ये पन्नाशी ओलांडतो, अनवाणी चाललेल्या कोणालाही हे सांगायला नको. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान ०.७ अंशानं वाढलं असं केंद्र सरकारचा २०२०चा अहवाल म्हणतो. ०.७ म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण जी बुरशी आधीच काठावर बसून उन्हाळा काढत होती, तिच्या दृष्टीनं हा काठच सरकलाय. उष्म्यानं माती लवकर सुकते, ओलीअभावी पेरणी हुकते, आणि एक पेरणी हुकली की सात महिन्यांचा उपास दीड वर्षाचा होतो. एका दुष्काळाचं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, दख्खनला दुष्काळ नवे नाहीत. दादीला १९७२चा आणि लाल मिलोच्या भाकरीचा विषय काढलेला आवडायचा नाही. नवं आहे ते दोन दुष्काळांमधलं तापलेलं रान.

पावसाचा ढंगही बदललाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी २०१७मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. पाणी साचून चिबडलेल्या रानात या बुरशीला श्वास मिळत नाही. मला जास्त काळजी वाटते ती अवकाळीची. बीजाणू ओल लागली की जागा होतो, तंतू टाकतो, आसपास मूळ शोधतो. दोन-तीन आठवड्यांत मूळ मिळालं नाही की थांबतो, आणि साठवणीतला काही भाग खर्च झालेला असतो. काहींना असं दोन-चारदा करता येतं. एप्रिलमध्ये एक सर, मेमध्ये एक सर, रान मात्र उघडं. प्रत्येक वेळी पाहुण्याला दार वाजवायला लावून आत घ्यायचं नाही, असा हा प्रकार. आपल्या रानांत हे किती होतं ते मोजायला हवं. होत असणार, असं मला वाटतं.

हे सगळं वाचल्यावर मी पुन्हा तो फसली १३५८चा कागद काढला. पड दोन वेळा पडली, दोन्ही वेळा साधारण दोन वर्षं. पहिल्या वेळी माणसं जीव घेऊन पळाली होती, रानाकडे पाहायला कोणी नव्हतं, आणि म्हणूनच रान गवतानं झाकलं गेलं. कुंदा-हरळीची मुळं जिवंत होती, म्हणजे बुरशीचं खाणं चालू होतं, वरून सावलीही होती. दुसऱ्या वेळी आम्ही तिथंच होतो. मशागत केली, पैसे घातले, एक हिरवी काडी राहू दिली नाही. दादीचं ‘सोया था बस’ मला आता अतिशयोक्ती वाटत नाही. याचा अर्थ कुंदा चांगला असा नव्हे, आणि १९५०च्या ज्वारीला विश्रांतीनं साचलेलं नत्र आणि गवताचं कुजलेलं खतही मिळालं असणार. मी शास्त्रज्ञ नाही, घरच्या दोन कहाण्यांवरून सिद्धांत मांडत नाही. पण या दोन पडी एकच नव्हत्या, एवढं मला दिसतं.

आणि हा भेद जुन्या दफ्तरांना कळत होता. अकबराच्या काळात अबुल फजलनं जमिनीचे चार वर्ग नोंदवलेत. सतत पिकणारी ती पोलज. ताकद भरून यावी म्हणून काही काळ सोडलेली ती परौती. तीन-चार वर्षं पडलेली चाचर, पाच किंवा जास्त वर्षांची बंजर. सारा त्याप्रमाणे कमी, आणि पुन्हा पीक सुरू झालं की वर्षावर्षानं चढता. सतराव्या शतकात मुर्शिद कुली खानानं तोडरमलाची सारापद्धत दख्खनच्या मोगलाईत आणली, ती या परंपरेतली. सरकारला अर्थातच वसुलीची चिंता, मातीची नव्हे. तरीही जमीन उठायला वेळ लागतो, हे त्या हिशेबात धरलेलं होतं. आमच्या २०१६च्या मक्याला कोणी असा वेळ दिला नाही, आम्हीसुद्धा नाही.

भाईजाननी मधे दोन वर्षं बुरशीची पाकिटं आणून पाहिली. एका वर्षी फरक वाटला, एका वर्षी काहीच नाही. परदेशात अशा पाकिटांच्या तपासण्या झाल्या तेव्हा बाजारातल्या पुष्कळशा मालात जिवंत बुरशी जवळजवळ नव्हतीच. आपल्याकडे उन्हात तापलेल्या पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या पाकिटाचं काय होत असेल, कल्पना करा. आणि डीएपीच्या दोन बॅगा टाकल्यावर पिकाला स्फुरद आयताच मिळतो, मग ते भागीदाराला साखर द्यायला हात आखडतं. हे कोणताही दुकानदार सांगत नाही, कारण तो दोन्ही विकतो.

स्वस्त उपाय बांधावर होता, आणि बांध हाच आमच्याकडे सगळ्यात महाग विषय. दर वर्षी नांगराचं एक तास बांधात घालायचं, चार बोटं आपल्याकडे ओढायची, उरलेलं गवत मार्चमध्ये पेटवून द्यायचं. माझ्याकडे येणाऱ्या कागदांतले निम्मे या चार बोटांसाठीच येतात. आमच्या शेजाऱ्याशी भाईजानचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मागच्या वर्षी दोघांनी मिळून बांध पेटवायचा नाही एवढं ठरवलं. सलोखा वगैरे काही नाही, धुरानं दोघांच्याही द्राक्षांना झळ बसली होती म्हणून. गवत राहिलं. दोन बोरी आपोआप आल्या.

खरिपात रान मोकळं न ठेवता भाईजान आता मटकी किंवा हुलगा टाकतात. उत्पन्न येवो न येवो, मूळ तरी जमिनीत. रब्बीच्या ज्वारीची ओल मटकी पिते, ही त्यांची कुरकुर खरी आहे. सोलापूरच्या जुन्या शास्त्रज्ञांनीही हेच म्हटलं असतं. कमी पावसाच्या वर्षी मटकी फुलोऱ्याआधीच कापून तिथंच पसरावी लागते. धसकटं मात्र आता जाळत नाहीत. अम्मी चुलीसाठी मागते तेव्हा वाद होतो आणि थोडी द्यावी लागतात.

ई-पीक पाहणी आल्यापासून तलाठ्याची वाट बघावी लागत नाही, मोबाईलवर शेतकऱ्यानंच पीक नोंदवायचं. गेल्या खरिपात नेटवर्क येतं म्हणून आम्ही दोघं बांधावर उभे होतो. पडीसाठी ॲपमध्ये दोनच खाने आहेत: चालू पड आणि कायम पड. भाईजाननी विचारलं, मटकी तर कापून टाकायची आहे, विकायची नाही, मग काय लिहू? मी म्हटलं, उभी आहे तोवर मटकीच लिहा. त्यांनी फोटो काढला. पहिल्यात त्यांचं बोट आलं, म्हणून दुसरा काढला.